धान्यही श्वसन करते : श्वसनाचा पाठ कसा शिकवावा



श्वसनाचा पाठ प्राथमिक शाळेत सोप्या पाठांपैकी एक समजला जातो. "आपण नाकाने हवा आत घेतो. शरीर त्यातील प्राणवायू ठेवून घेते व कार्बन डायऑक्साइड वायू बाहेर टाकते." एवढी दोन-तीन वाक्ये फळ्यावर लिहिली आणि मुलांकडून ती दोनदा म्हणवून घेतली, की पाठ झाला असे पुष्कळांस वाटते. मी स्वतः शिक्षक असताना अनेक वर्षे हा पाठ असाच घेतला, हे प्रारंभीच कबूल करतो.

त्या काळी मी ज्या गावी नोकरीस होतो, तेथे बहुतेक जुन्या वाड्यांतून ज्वारीची पेवे होती. एका वर्षी श्रावणाच्या सुमारास एक पेव उघडण्यात आले. तोंडावरील फरशी काढताच एक गडी आत उतरला, तो वर आला नाही. त्यास काढावयास दुसरा उतरला, तोही वर आला नाही. दोघेही दगावले. संध्याकाळी गाव चावडीपाशी जमला असता, माझ्याच हाताखाली चौथी उत्तीर्ण झालेला एक तरुण मजजवळ आला. दुसरा उतरला होता तो त्याचा थोरला भाऊ. त्याने मला एवढेच विचारले, "गुरुजी, हवा सगळीकडे असते असं तुम्हीच शिकवलं होतं ना? मग पेवातली हवा गेली कुठं?"

या प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक नव्हते असे नाही. उत्तर ठाऊक होते, परंतु ते मी वर्गात कधी दिले नव्हते. 'बी सजीव असते' हे मी एका पाठात शिकवीत होतो आणि 'सर्व सजीव श्वसन करतात' हे दुसऱ्या पाठात. या दोन वाक्यांची सांगड घालून पेवाच्या तोंडापर्यंत मुलांस नेण्याचे काम मी केले नाही. ते काम आपण सर्वांनी कसे करावे, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

१. श्वासोच्छ्वास आणि श्वसन

प्रथम शब्दांचा अर्थ नीट ध्यानी घ्यावा. हवा आत घेणे व बाहेर सोडणे ही छातीची हालचाल होय. तिला श्वासोच्छ्वास म्हणावयाचे. श्वसन ही त्याहून व्यापक क्रिया आहे. शरीराच्या प्रत्येक जिवंत पेशीत अन्नाचे विघटन होऊन त्यातून कार्यशक्ती मोकळी होते, ते खरे श्वसन. श्वासोच्छ्वास हा त्या कार्यासाठी प्राणवायू पोहोचविणारा व तयार झालेला कार्बन डायऑक्साइड बाहेर नेणारा हमाल आहे, असे मुलांस सांगितले तरी चालेल. झाडास छाती नाही, गांडुळास नाक नाही, ज्वारीच्या दाण्यास यांपैकी काहीच नाही. तथापि श्वसन सर्वांस आहे. हा भेद शिक्षकाच्या मनात स्पष्ट नसेल, तर पुढील सर्व पाठ डळमळीत होतो.

२. छातीत काय घडते

छाती फुगते म्हणून हवा आत येते, की हवा आत येते म्हणून छाती फुगते? हा प्रश्न वर्गात अवश्य विचारावा. बहुतेक मुले दुसरे उत्तर देतात. वस्तुस्थिती उलट आहे. छाती व पोट यांच्या मध्ये घुमटाच्या आकाराचा स्नायूंचा पडदा असतो. त्यास श्वासपटल म्हणतात. श्वास घेताना हा पडदा आकुंचन पावून खाली सरकतो व बरगड्या वर आणि बाहेर उचलल्या जातात. छातीची पोकळी मोठी झाल्याने आतील हवेचा दाब बाहेरील दाबापेक्षा किंचित कमी होतो आणि बाहेरील हवा नाकावाटे आत शिरते. लोहाराचा भाता उघडला की हवा आत ओढली जाते, तसाच हा प्रकार होय. स्वस्थ उच्छ्वासाच्या वेळी पडदा सैल होऊन पूर्वस्थितीस येतो व हवा बाहेर पडते. फुप्फुसांस स्वतःचे असे ओढणारे स्नायू नाहीत, ही गोष्ट मुलांस नवी वाटते.

प्रौढ मनुष्य स्वस्थ बसला असता मिनिटास सुमारे १२ ते २० वेळा श्वास घेतो. दर श्वासास सुमारे अर्धा लिटर हवा आत जाते. लहान मुलांचा वेग याहून अधिक असतो. नाकातील केस व ओलसर अस्तर हवेतील धूळ अडवितात व हवा उबदार करतात, म्हणून श्वास नाकानेच घ्यावा. पुढे श्वासनलिका, तिच्या दोन शाखा व त्यांच्या बारीक बारीक उपशाखा अशा मार्गाने हवा वायुकोशांपर्यंत पोहोचते. हे वायुकोश दोन्ही फुप्फुसांत मिळून काही कोटींच्या संख्येने असतात. ते सर्व उलगडून पसरता आले, तर त्यांचे क्षेत्रफळ सुमारे ७० चौरस मीटर, म्हणजे आपल्या वर्गखोलीच्या जमिनीहूनही बहुधा अधिक, भरेल. एवढा विस्तार छातीच्या पिंजऱ्यात घडी घालून बसविलेला आहे.

वायुकोशाची भिंत व तिला लागून असलेल्या केशवाहिनीची भिंत मिळून मिलिमीटरच्या एक हजाराव्या भागाइतकी किंवा त्याहूनही पातळ असते. या पडद्यातून प्राणवायू रक्तात शिरतो व कार्बन डायऑक्साइड रक्तातून बाहेर येतो. रक्तातील तांबड्या पेशींमध्ये हिमोग्लोबिन नावाचे लोहयुक्त द्रव्य असते. ते प्राणवायूस धरून ठेवते व शरीरभर पोहोचविते. ज्या मुलाच्या आहारात लोह कमी, त्याचे हिमोग्लोबिन कमी होते, आणि ते मूल थोडे धावले तरी दमते. कवायतीच्या तासास मागे राहणारे प्रत्येक मूल आळशी नसते, हे आपण शिक्षकांनी ध्यानात ठेवावे.

३. पेशीत काय घडते

रक्ताने आणलेला प्राणवायू व अन्नातून आलेली ग्लुकोज ही साखर पेशीत एकत्र येतात. पेशीतील तंतुकणिका नावाच्या सूक्ष्म अंगकांत साखरेचे पायरीपायरीने विघटन पूर्ण होते. त्यातून कार्बन डायऑक्साइड व पाणी तयार होते आणि कार्यशक्ती मिळते. चुलीत लाकूड जळते तेव्हाही प्राणवायू खर्च होतो, कार्बन डायऑक्साइड निघतो व उष्णता मिळते. मात्र चुलीत सर्व शक्ती एकदम भडकून जाते, तर पेशीत ती थोडी थोडी मोकळी होऊन बरीचशी साठविली जाते. उरलेल्या भागाची उष्णता होते, आणि तिच्याच योगाने आपले अंग कोमट राहते.

हे साम्य प्रथम मोजून दाखविले ते लाव्हाझिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने. १७८३ च्या सुमारास त्याने लाप्लास याच्या साहाय्याने एका गिनिपिगास बर्फाने वेढलेल्या पात्रात ठेवले. किती बर्फ वितळला व किती कार्बन डायऑक्साइड निघाला हे त्यांनी मोजले, आणि तेवढाच वायू देणाऱ्या कोळशाच्या ज्वलनाशी त्याची तुलना केली. त्यावरून श्वसन हे मंद ज्वलनच होय, असा निष्कर्ष त्यांनी काढला. हे ज्वलन फुप्फुसांतच होते अशी लाव्हाझिएची समजूत होती. ते सर्व शरीराच्या पेशींत होते, हे पुढील काळात सिद्ध झाले.

प्राणवायू पुरेनासा झाला, तर काही पेशी त्याच्याविनाही थोडा काळ शक्ती मिळवितात. शर्यतीत जोराने धावताना स्नायूंत असेच घडते. जिलेबीचे पीठ आंबून त्यावर बुडबुडे येतात, तेही सूक्ष्म जीव प्राणवायूविना साखर मोडीत असल्यामुळे. परंतु या मार्गाने शक्ती फारच थोडी मिळते. मेंदूचे काम तर प्राणवायूविना काही मिनिटेही चालत नाही.

४. इतर प्राणी

पाण्यातील मासा पाणी फोडून त्यातील प्राणवायू घेतो, ही समजूत चुकीची आहे. तो पाण्यात विरघळलेला प्राणवायू कल्ल्यांच्या साहाय्याने घेतो. एक लिटर हवेत सुमारे पावणेतीनशे मिलिग्रॅम प्राणवायू असतो, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात तो आठ मिलिग्रॅमच्या आसपासच असतो. पाणी जितके तापते, तितका तो आणखी कमी होतो. उन्हाळ्यात आटत्या डोहातील मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडमीट करताना मुलांनी पाहिलेले असते. त्याचे कारण येथे सांगावे.

नाकतोडा व झुरळ यांच्या शरीराच्या दोन्ही बाजूंस बारीक छिद्रे असतात. त्यांतून हवा नळ्यांच्या जाळ्यावाटे थेट पेशींपर्यंत जाते, म्हणून त्यांचे रक्त प्राणवायू वाहत नाही. गांडूळ ओल्या त्वचेतून श्वसन करते. त्वचा वाळली की ते मरते. बेडकाचे पिल्लू कल्ल्यांनी, तर मोठा बेडूक फुप्फुसांनी व त्वचेने श्वसन करतो. कोकणातील शिक्षकांनी खाडीच्या चिखलातील निवटी मुलांस दाखवावी. हा मासा असूनही ओल्या त्वचेतून व तोंडातील अस्तरातून हवेतील प्राणवायू घेतो आणि भरती ओसरल्यावर चिखलावर उड्या मारतो.

५. वनस्पती

येथे आपल्या वर्गांतून सर्वांत मोठी चूक होते. "माणसे प्राणवायू घेतात, झाडे कार्बन डायऑक्साइड घेतात," असे सांगितले जाते आणि झाडांचे श्वसन उलटे असते असा मुलांचा समज होतो. वस्तुतः झाड रात्रंदिवस आपल्यासारखेच श्वसन करते. त्याखेरीज उजेड असताना त्याची हिरवी पाने प्रकाशाच्या साहाय्याने अन्न तयार करतात. हे काम निराळे. त्यात कार्बन डायऑक्साइड वापरला जातो व प्राणवायू बाहेर पडतो. भर दिवसा हे दुसरे काम श्वसनाच्या मानाने बरेच अधिक होत असल्याने श्वसन झाकले जाते, एवढेच. १७७१ साली इंग्लंडात प्रीस्टली याने मेणबत्ती विझलेल्या कोंडलेल्या हवेत पुदिन्याची डहाळी ठेवली. काही दिवसांनी त्या हवेत मेणबत्ती पुन्हा जळू शकली. १७७९ साली इंगेनहौझ याने दाखविले की, हे कार्य केवळ हिरव्या भागांकडून आणि उजेडातच होते.

यावरून 'रात्री झाडाखाली निजल्यास झाड विषारी वायू सोडून माणसास मारते' या समजुतीचाही निकाल लावता येतो. रात्री झाडाच्या श्वसनातून निघणारा वायू मोकळ्या हवेत लागलीच मिसळून जातो. त्याने कोणास अपाय होत नाही. झाडाखाली निजू नये ते विंचू-किड्यांच्या वा वाळलेल्या फांदीच्या भयाने, असे सांगावे.

मुळांचे श्वसन तर आपल्या शेतकऱ्यास पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. पावसाने रान चिबडले की पीक पिवळे पडते. पाणी तर मुबलक असते, मग पीक का सुकते? मातीच्या कणांमधील पोकळ्या पाण्याने भरल्यामुळे मुळांस प्राणवायू मिळत नाही, म्हणून. जमिनीत ओल व हवा दोन्ही बेताने असण्याच्या स्थितीस शेतकरी 'वाफसा' म्हणतो. या एका शब्दात मुळांच्या श्वसनाचा सर्व पाठ सामावलेला आहे. मुलांस तो घरूनच येतो. आपण त्याचे कारण तेवढे द्यावयाचे. खाडीकाठच्या तिवरास चिखलात हवा मिळत नाही, म्हणून त्याची श्वसनमुळे जमिनीतून उभी वर येतात, हेही याच ठिकाणी सांगावे.

६. पेव

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ज्वारीचा दाणा सजीव आहे. कोरडा असता त्याचे श्वसन अत्यंत मंद चालते, ओल लागली की ते वाढते. ओलसर धान्याच्या राशीत हात घातला असता ऊब लागते, ती दाण्यांच्या व बुरशीच्या श्वसनाची. पेवाचे पोट रुंद, तोंड अरुंद व ते दगड-मातीने लिंपून बंद केलेले. आत हजारो लाखो दाणे, त्यांजबरोबर कीड व बुरशी, सर्वांचे श्वसन महिनोन्‌महिने चालू असते. प्राणवायू संपत जातो, कार्बन डायऑक्साइड साठत जातो. प्राणवायूविना कीड मरते, आणि म्हणूनच पेवातील धान्य टिकते. जी स्थिती धान्य राखते, तीच माणसास मारते.

कार्बन डायऑक्साइड हवेच्या सुमारे दीडपट जड असतो. तोंड उघडले तरी खोल खड्ड्यात वारा खेळत नाही, म्हणून तो तळाशी राहतो. त्यास रंग नाही, तसेच ध्यानात येईल असा वासही नाही. हा वायू फार साठलेला असेल, तर धाप लागल्याचे कळेपर्यंत मनुष्य बेशुद्ध होतो. तो केवळ कमी असून प्राणवायूच संपलेला असेल, तर गुदमरल्याची जाणीवही होत नाही. कारण श्वासाची ओढ मुख्यत्वे रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाढल्याने लागते, प्राणवायू घटल्याने ती फारशी लागत नाही.

जुने लोक पेवात आधी कंदील सोडून पाहत. ही रीत शहाणपणाची होती. प्राणवायू १६-१७ टक्क्यांच्या खाली आला की ज्योत साधारणपणे विझते. परंतु मुलांस दोन गोष्टी बजावून सांगाव्यात. दिवा विझला तर धोका निश्चित आहे, परंतु दिवा तेवत राहिला म्हणून जागा निर्धोक आहे, असे ठरत नाही. तसेच गोबरगॅसची टाकी किंवा मैल्याची टाकी असेल तेथे दिवा वा काडी कदापि नेऊ नये. तेथील वायू पेट घेतो.

सांगलीजवळील हरिपूरची हळदीची पेवे एके काळी प्रसिद्ध होती. २००५ सालच्या महापुरात त्यांतील अनेकांत पाणी शिरले. ज्वारीची पेवेही आता पुष्कळ ठिकाणी बुजविली गेली आहेत. म्हणून धोका गेला असे मात्र नाही. वापरात नसलेली विहीर, गोबरगॅसची टाकी, शौचालयाची टाकी, धान्याची बंद कोठी या सर्व ठिकाणी असाच प्रसंग ओढवतो. सर्वांत महत्त्वाचा नियम हा : आत कोणी पडला, तर त्याच्यामागे उतरू नये. आरडाओरड करून माणसे जमवावीत, ११२ किंवा १०१ या क्रमांकावर कळवावे, रुग्णवाहिकेसाठी १०८ लावावा आणि बाहेरूनच दोर व हवा देण्याचा यत्न करावा. अशा अपघातांत वाचवावयास गेलेलाच पुष्कळदा मरतो. हा नियम दहा वर्षांच्या मुलासही समजतो. तो त्याच्याकरवी घरी पोहोचला पाहिजे.

७. वर्गात करावयाचे प्रयोग

(अ) चुन्याची निवळी. पेलाभर पाण्यात चमचाभर खाण्याचा चुना ढवळून रात्रभर ठेवावा. सकाळी वरचे स्वच्छ पाणी अलगद ओतून घ्यावे. दोन पेल्यांत ते सारखे घालावे. एका पेल्यात पपईच्या पानाच्या पोकळ देठातून हळूहळू फुंकावे, दुसऱ्यात सायकलच्या पंपाने तितकाच वेळ हवा सोडावी. पहिल्यातील निवळी लवकर दुधी होते, दुसऱ्यातील होत नाही वा फार उशिरा होते. पंपाचा पेला वगळू नये. तो नसेल तर दुधीपणा उच्छ्वासामुळे आला की कोणत्याही हवेमुळे, हे ठरत नाही. फुंकणे शिक्षकाने करावे. निवळी तोंडात ओढू नये व डोळ्यांत जाऊ देऊ नये. फार वेळ फुंकल्यास ती पुन्हा स्वच्छ होऊ लागते, त्याने गोंधळू नये.

(आ) मटकीची बरणी. दोन सारख्या काचेच्या बरण्या घ्याव्यात. एकीत मोड आलेली मटकी, दुसरीत तितकीच मटकी उकडून व गार करून घालावी. झाकणे घट्ट लावून रात्रभर ठेवावीत. सकाळी झाकण किंचित सरकवून तारेस बांधलेली जळती काडी आत सोडावी. मोडांच्या बरणीत ती तत्काळ विझते, दुसरीत काही वेळ जळते. बरण्या एका रात्रीहून अधिक ठेवू नयेत, कारण उकडलेली मटकी नासू लागली की त्यातील सूक्ष्म जीवही प्राणवायू वापरतात. हा प्रयोग म्हणजे मुलांच्या हाताएवढे पेवच होय. काडी विझताच थांबावे व विचारावे, "आत माणूस असता तर?"

(इ) श्वासांची मोजणी. मुलांनी जोडीजोडीने एकमेकांचे श्वास एक मिनिट मोजावेत, मैदानास एक फेरी धावून पुन्हा मोजावेत व दोन्ही आकडे वहीत मांडावेत. गणिताचा तासही त्यात साधतो.

८. काही दुरुस्त्या

उच्छ्वासात केवळ कार्बन डायऑक्साइड असतो, असे सांगू नये. आत घेतलेल्या हवेत प्राणवायू सुमारे २१ टक्के असतो, बाहेर सोडलेल्या हवेत तो सुमारे १६ टक्के उरतो. कार्बन डायऑक्साइड ०.०४ टक्क्यांवरून सुमारे ४ टक्के होतो. हवेतील सुमारे ७८ टक्के नायट्रोजन जवळजवळ जसाच्या तसा परत येतो. बुडालेल्यास तोंडाने श्वास देऊन वाचविता येते, ते या उरलेल्या प्राणवायूमुळेच. तसेच, प्राणवायू कमी असलेले रक्त निळे असते, असेही सांगू नये. ते गडद तांबडे असते. चित्रात ओळखण्याच्या सोयीसाठीच निळा रंग देतात.

शेवटी एक विनंती. ज्या शाळेच्या गावात अद्याप पेवे, जुन्या विहिरी वा गोबरगॅसच्या टाक्या आहेत, तेथे हा पाठ पुस्तकातील क्रमाची वाट न पाहता, पेवे उघडण्याच्या हंगामापूर्वी घ्यावा आणि मटकीच्या प्रयोगाच्या दिवशी शक्य तर पालकांसही बोलवावे. त्या तरुणाच्या प्रश्नास मी चावडीपाशी जे उत्तर दिले, ते खरे होते, पण उशिराचे होते. आपल्या वर्गात बसलेल्या मुलास ते वेळेवर मिळावे, एवढीच या लेखामागील इच्छा आहे.